चाकांवर चढलेला विस्तव

टेक्सास संस्थानात शनिवार-रविवारी गुरांच्या प्रदर्शनाकडे, चर्चच्या पटांगणाकडे किंवा एखाद्या शाळेच्या क्रीडासामन्याकडे निघालेल्या गाड्यांच्या रांगेत एक विशिष्ट वाहन हटकून दृष्टीस पडते. मोटारीमागे जोडलेला ट्रेलर, त्यावर आडवे बसविलेले काळेभोर पोलादी नळकांडे, त्याच्या एका टोकाला किंचित खालच्या पातळीवर जोडलेली जळणपेटी, दुसऱ्या टोकाला उभे धुराडे, आणि उरलेल्या जागेत नीट रचलेले ओकचे ओंडके, एवढाच त्याचा सरंजाम असतो. या यंत्राला तिकडे ऑफसेट स्मोकर म्हणतात. त्यात विस्तव मांसाच्या खाली नसतो, बाजूला असतो. जळणपेटीतील धग आणि धूर नळकांड्यातून आडवे वाहत जाऊन पलीकडच्या धुराड्यातून बाहेर पडतात, आणि त्यांच्या वाटेत जाळीवर ठेवलेले मांस दहा-बारा तास मंदपणे शिजत राहते.

पाकसाधनांचे इतिहास बहुधा राजवाड्यांच्या मुदपाकखान्यांपासून सुरू होतात. या साधनाचा इतिहास मात्र भंगाराच्या ढिगाशेजारी घडला. त्याचे नळकांडे तेलवाहिनीच्या उरलेल्या तुकड्यातून आले, टाकी घरगुती गॅसच्या बाद झालेल्या साठ्यातून आली, फिरत्या स्वयंपाकघराची कल्पना लष्कराने विकून टाकलेल्या गाडीवर साकारली, मांस खाटकाच्या दुकानात दिवसअखेर पडून राहिलेल्या तुकड्यांतून मिळाले, आणि विस्तव सांभाळण्याची विद्या गुलामगिरीत जखडलेल्या माणसांकडून लाभली. टेक्साससारख्या धनाढ्य मुलखातील मोठमोठ्या धंद्यांनी जे टाकून दिले, किंवा ज्याचे मोल कधी केलेच नाही, त्यातूनच त्या मुलखाची सर्वांत अभिमानास्पद पाककला उभी राहिली, असे मला वाटते. आणि ते कसे घडले, हे क्रमाने पाहण्याजोगे आहे.

कथेचा आरंभ जमिनीत खणलेल्या चरापासून होतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून कापसाचे मळेवाले पूर्व टेक्सासात येऊन वसले, तेव्हा त्यांनी आपल्याबरोबर गुलाम केलेले आफ्रिकी वंशाचे स्त्रीपुरुष आणले, आणि त्यांच्याबरोबरच चरावर अख्खी जनावरे भाजण्याचे कसबही तिकडे आले. स्वातंत्र्यदिनाचा समारंभ असो, निवडणुकीची सभा असो की नव्या रेल्वेमार्गाचे उद्घाटन असो, शेकडो माणसांना जेवू घालण्याची तजवीज याच पद्धतीने होई. आदल्या दिवशी लांबलचक चर खणावयाचा. बाजूला ओकच्या किंवा हिकरीच्या लाकडांची मोठी होळी पेटवून तिचे निखारे फावड्याने थोडेथोडे चरात पसरावयाचे. वर आडव्या काठ्यांवर मांस टाकून रात्रभर ते उलटत राहावयाचे, आणि काठीला बांधलेल्या फडक्याने त्यावर शिरका, मीठ व लाल मिरची यांचे पाणी शिंपावयाचे. रायगडाकडे हिवाळ्यात मडक्यात पोपटी लावणाऱ्या माणसाला ज्वाला आणि धग यांतील भेद निराळा समजावून सांगावा लागत नाही; तोच भेद या चरकऱ्यांच्या विद्येचे सार होता. ज्वाला दूर ठेवावयाची आणि धग तेवढी मांसापर्यंत पोहोचवावयाची, हा नियम त्यांनी फावड्याच्या जोरावर पाळला. पुढे पोलादाने तो यंत्राच्या रचनेतच कायम केला.

१९ जून १८६५ रोजी गॅल्व्हेस्टन बंदरात जनरल ग्रेंजर याच्या हुकुमाने टेक्सासातील गुलामांच्या मुक्ततेची घोषणा झाली. त्यानंतर दरवर्षी त्या दिवशी मुक्त झालेल्या कुटुंबांनी जे मेळावे भरविले, त्यांत चरावरचे मांस हा उत्सवाचा अविभाज्य भाग ठरला. १८७२ मध्ये ह्यूस्टन येथील कृष्णवर्णीय नागरिकांनी आपापसात वर्गणी काढून आठशे डॉलरांना दहा एकर जमीन खरेदी केली, ती मुख्यतः हा दिवस साजरा करण्यासाठी. ते इमॅन्सिपेशन पार्क आजही नांदते आहे. ज्या विद्येवर मालकाच्या मेजवान्या झडत आल्या होत्या, ती विद्या आपल्या मालकीच्या जमिनीवर, आपल्या माणसांसाठी वापरण्याचा अधिकार तिच्या जाणकारांना येथे प्रथम मिळाला.

याच सुमारास दुसरा एक धागा या कथेत येऊन मिळतो, तो चाकांचा. यादवी युद्धानंतर टेक्सासातील लांब शिंगांची गुरे हजारोंच्या कळपांनी उत्तरेकडील रेल्वेस्थानकांपर्यंत हाकीत नेण्याचा व्यापार भरभराटीला आला. महिनोन् महिने माळरानावर राहणाऱ्या गुराख्यांच्या जेवणाचा बंदोबस्त करण्यासाठी चार्ल्स गुडनाइट या पशुपालकाने १८६६ मध्ये लष्कराच्या जादा साठ्यातील एक गाडी घेतली, आणि तिच्या मागील बाजूस खणांची पेटी व खाली पडणारी फळी बसवून तिचे स्वयंपाकघर केले. ही गाडी शिधा, भांडी आणि पाणी वाहून नेई. विस्तव मात्र प्रत्येक मुक्कामी जमिनीवर नव्याने पेटवावा लागे. चाके आणि विस्तव यांची गाठ पडण्यास अजून शंभर वर्षांचा अवकाश होता.

दरम्यान मध्य टेक्सासात विस्तवाला भिंती मिळाल्या. १८४५ मध्ये न्यू ब्राउनफेल्स आणि १८४६ मध्ये फ्रेडरिक्सबर्ग ही गावे जर्मन वसाहतवाल्यांनी वसविली. पुढल्या दशकांत चेक कुटुंबेही आली. त्यांच्यातील खाटकांनी आपल्या मायदेशीची धूर देऊन मांस टिकविण्याची रीत बरोबर आणली होती. शीतपेटीचा अभाव आणि तिकडचा उन्हाळा यांच्या कचाट्यात सापडलेल्या दुकानदारापुढे संध्याकाळी उरलेल्या मांसाचा प्रश्न रोजच उभा राही, आणि त्याचा निकाल तो दोन प्रकारे लावी: काही तुकडे बारीक करून त्यांचे सॉसेज भरी, आणि काही मागील दारच्या विटांच्या भट्टीत धुरावर ठेवी. कापूस वेचण्याच्या हंगामात शेतांवर आलेले कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मजूर हे शिजलेले मांस घेऊन दुकानाच्या आवारातच खात. कारण गावातील उपाहारगृहांची दारे त्यांना बहुधा बंद असत. खाटकाच्या जाड कागदावर मांस वाढण्याची जी वहिवाट आज मोठ्या कौतुकाने पाळली जाते, तिचा उगम त्या बंद दारांशी आहे.

ऑस्टिनच्या दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवरील लॉकहार्ट हे कॉल्डवेल परगण्याचे ठाणे या परंपरेचे पीठ होय. तेथे चार्ल्स क्रॉइट्स याने १९०० मध्ये आपले मांसविक्रीचे दुकान काढले. त्या पेढीच्या जुन्या इमारतीतील भट्ट्या पाहिल्या म्हणजे ऑफसेट स्मोकरचा पूर्वज प्रत्यक्ष दिसतो. कमरेइतक्या उंचीच्या, विटांच्या, लांबट भट्ट्या. वर लोखंडी झाकणे. एका टोकाला भट्टीच्या तोंडाशी थेट फरशीवर जळणारी ओकची लाकडे. आणि दुसऱ्या टोकाला उंच धुराडे. धुराड्यातून वर जाणारी उष्ण हवा आपल्यामागे नवी हवा ओढून घेते, त्या ओढीने तोंडाशी पेटलेल्या लाकडांची धग आडवी होऊन भट्टीभर फिरते, आणि ज्वाला मात्र बाहेरच राहते. दाराशी उघडाच जळणारा हा विस्तव जाता-येता गिऱ्हाइकाच्या पायांना चटका देतो. पूर्वी येथे काट्याचमच्याची सोय नव्हती. सुऱ्या बाकांना साखळीने बांधलेल्या असत. १९९९ मध्ये ही पेढी पुढे चालविणाऱ्या कुटुंबात वाटणी होऊन धंद्याचे नाव एका भावाकडे आणि इमारत बहिणीकडे राहिली. तेव्हा जुन्या भट्टीतील निखारे लोखंडी टोपलीत घालून रस्त्याने ओढीत नव्या जागी नेण्यात आले, आणि त्यांवरच नव्या भट्ट्यांचा विस्तव पेटला. दस्तऐवजाने जे नाव मिळाले होते, त्याला निखाऱ्यांची सनद जोडल्यावाचून त्या कुटुंबाचे समाधान झाले नाही.

तथापि विटांची भट्टी जागची हलत नाही. तिला हालविणारे द्रव्य टेक्सासच्या भूगर्भातून आले. १० जानेवारी १९०१ रोजी बोमाँट गावाजवळील स्पिंडलटॉप या टेकाडावर कॅप्टन अँथनी ल्यूकस याच्या विहिरीतून तेलाचा प्रचंड कारंजा उसळला, तो आवरण्यास नऊ दिवस लागले, आणि त्या घटनेने कापसाचा व गुरांचा मुलूख तेलाचा मुलूख झाला. तेल म्हणजे नळ. विहिरीत उतरविण्याचे नळ, शुद्धीकरणाच्या कारखान्यांतील नळ, शेकडो मैल वाहून नेणारे नळ. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी तेलवाहू जहाजे बुडविण्याचा सपाटा लावला, तेव्हा सरकारने टेक्सासातील लाँगव्ह्यूपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत चोवीस इंच व्यासाची बिग इंच ही तेलवाहिनी १९४२-४३ मध्ये टाकून घेतली. तिची लांबी बाराशे मैलांहून अधिक होती. असल्या कामांमुळे टेक्सासात जाड पोलादी नळ बिनचूक जोडू शकणाऱ्या वेल्डरांचा एक मोठा वर्गच निर्माण झाला, आणि त्यांच्या कार्यशाळांभोवती कापून उरलेल्या नळांचे ढीग पडू लागले. वीस किंवा चोवीस इंच व्यासाचा, पाव इंच जाडीचा, सहा-आठ फूट लांबीचा तुकडा तेलाच्या धंद्यात निकामी. मांस शिजविण्यास मात्र त्याहून उत्तम पात्र शोधून सापडणार नाही.

पातळ पत्र्याचे पिंप उभे चिरून त्याची चूल करण्याची युक्ती लोकांना पूर्वीच ठाऊक होती. परंतु असे पिंप वाऱ्याच्या एका झुळुकेने थंड होते, आणि एक ओंडका अधिक पडला की भडकते. जाड पोलादाचे तसे नाही. ते उशिरा तापते, आणि एकदा तापले म्हणजे दार उघडले काय नि पाऊस पडला काय, आपली उष्णता सहजासहजी सोडीत नाही. शिवाय पोलादाचा नळ विटांच्या भट्टीप्रमाणे जमिनीला खिळलेला नसतो. खाली आस आणि चाके आली की तो हवा तेथे जातो. तेलविहिरींवरील कामगारांनी फावल्या वेळात, आपल्या टोळीच्या जेवणासाठी, असे नळ जोडून स्मोकर घडविले. पहिला कोणी घडविला, याचा शोध निरर्थक आहे. जेथे जेथे नळ, वेल्डर आणि भूक एकत्र आली, तेथे तेथे ते घडले असणार.

या घरगुती हुन्नराला धंद्याचे रूप येण्यास दोन गोष्टी कारण झाल्या. पहिली स्पर्धा. ह्यूस्टनच्या प्रसिद्ध पशुप्रदर्शनाला जोडून १९७४ पासून बार्बेक्यूची जागतिक स्पर्धा भरू लागली, आणि ज्याला मैदानावर रात्र काढून मांस शिजवावयाचे आहे, त्याला आपली भट्टी बरोबर नेण्यावाचून गत्यंतर उरले नाही. दुसरी गोष्ट मंदीची. १९८५ च्या अखेरीस पिंपामागे पंचवीस डॉलरांच्या वर असलेला तेलाचा भाव १९८६ च्या मध्यापर्यंत निम्म्याहून खाली घसरला. विहिरींची कामे थांबली, कारखान्यांनी माणसे कमी केली, आणि कसबी वेल्डरांचे हात रिकामे झाले. याच दशकात ह्यूस्टनमध्ये वेन व्हिटवर्थ यांची ‘पिट्स अँड स्पिट्स’ आणि डेव्हिड क्लोस यांची पेढी स्मोकर बांधून विकू लागली, तर शेजारच्या ओक्लाहोमात जो डेव्हिडसन यांनी तेलक्षेत्रातील नळांपासूनच आपल्या ‘ओक्लाहोमा जो’ स्मोकरचा प्रारंभ केला. तेलाच्या उतरत्या काळात चुलीचा धंदा चढला, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. साहित्य आणि कसब ही दोन्ही तेव्हाच स्वस्त झाली होती.

असा एखादा स्मोकर घडताना पाहिला म्हणजे त्यातील विचार किती सूक्ष्म आहे, याची कल्पना येते. मोठ्या स्मोकरसाठी नळाऐवजी खेड्यापाड्यांतील घरांना प्रोपेन पुरविणारी जुनी टाकी घेतात. अडीचशे, पाचशे किंवा हजार गॅलनांची. हजार गॅलनांची टाकी सुमारे सोळा फूट लांब असते. जुन्या टाकीच्या पोटात गॅसचा अंश दडून राहिलेला असतो आणि कापतेवेळी एका ठिणगीने तिचा स्फोट होऊ शकतो. म्हणून जाणता कारागीर ती आधी पाण्याने भरून आतील गॅस घालवून देतो, आणि मगच तिला हत्यार लावतो. खरी परीक्षा दाराशी होते. वळवून गोल केलेल्या पोलादात ताण साठलेला असतो. चारही बाजू एका दमात कापल्या, तर सुटलेला तुकडा आपली वक्रता बदलतो आणि पुन्हा त्या भोकावर कधीच चपखल बसत नाही. यास्तव वेल्डर प्रथम काही भाग कापतो, काही भाग जोडलेलाच ठेवतो. मग बिजागऱ्या आणि कडेच्या पट्ट्या वेल्ड करून घेतो, आणि पोलादाला हलण्यास वाव उरला नाही अशी खात्री झाल्यावर शेवटचा काप देतो. चांगल्या स्मोकरचे दार मिटले म्हणजे फटीतून धुराची रेघ दिसत नाही, ती या सबुरीमुळे.

जळणपेटीचे आकारमान नळकांड्याच्या सुमारे एकतृतीयांश असावे, हा कारागिरांचा जुना ठोकताळा. ती लहान झाली तर ओंडक्यांना पुरेशी हवा मिळत नाही, आणि कोंडलेल्या विस्तवाचा दाट पांढरा धूर मांसाला कडवट करतो; मोकळ्या हवेत जळणाऱ्या छोट्या स्वच्छ विस्तवाचा धूर विरळ, निळसर असतो, आणि तोच हवा असतो. धुराड्याचे तोंड नळकांड्याच्या माथ्याशी न लावता जाळीच्या पातळीवर लावले, तर उष्ण प्रवाह वरच्यावर निसटून न जाता मांसावरून जातो. काही कारागीर जाळीखाली लोखंडी पत्रा घालून प्रवाह पलीकडच्या टोकापर्यंत नेतात आणि मग वरून परत फिरवून धुराडे जळणपेटीच्याच बाजूला काढतात. त्यामुळे दोन्ही टोकांचे तापमान जवळजवळ सारखे राहते. एवढे झाल्यावर ट्रेलरचा हिशेब उरतो. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार पुढील दांडीवर पडला पाहिजे. तो कमी झाला तर हमरस्त्यावर ट्रेलर डावी-उजवीकडे झोके घेऊ लागतो. जळणपेटी सर्वांत जड, ती पुढे की मागे यावर आसाची जागा ठरते. शेवटी आतून तेल चोपडून काही तास विस्तव चालवितात, म्हणजे पोलादावर काळे लेपन बसते आणि गंज दूर राहतो.

या यंत्रात जे मांस प्रामुख्याने शिजते, तेही एकेकाळी दुय्यम समजलेले. गाईबैलाच्या छातीचा ब्रिस्केट हा भाग जनावराच्या पुढच्या भाराने घट्ट झालेला, चिवट तंतूंचा असतो. झटपट भाजला तर दाताला दाद देत नाही. एकशेदहा ते एकशेतीस अंश सेल्सियसच्या दरम्यान रात्रभर राहिल्यावर त्यातील चिवट कोलॅजन विरघळून जिलेटिन होते, आणि तोच तुकडा मऊसूत व रसाळ बनतो. पूर्वी खाटीक जनावराचे जवळजवळ सर्वच भाग भट्टीत टाकी. १९६० नंतरच्या दशकात मोठे कत्तलखाने जनावराचे निवडक भाग खोक्यांत भरून पाठवू लागले. आयोवा बीफ प्रोसेसर्स या कंपनीने ही पद्धत १९६७ मध्ये सुरू केली. आणि मग स्वस्त ब्रिस्केट हव्या त्या संख्येने मागविता येऊ लागला. तो शिजविणारे लाकूडही बहुधा पोस्ट ओकचे, म्हणजे कुंपणाचे खुंट आणि रेल्वेचे स्लीपर यांपलीकडे ज्याला इमारती लाकडात मान नव्हता, त्या झाडाचे.

पुढला इतिहास ताजा आहे. २००९ च्या डिसेंबरात ॲरन फ्रँकलिन आणि त्यांच्या पत्नी स्टेसी यांनी ऑस्टिनमध्ये महामार्गालगत एका जुन्या ट्रेलरमधून मांस विकण्यास प्रारंभ केला. २०११ मध्ये त्यांनी पक्की जागा घेतली. आणि २०१५ मध्ये जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा पुरस्कार फ्रँकलिन यांना मिळाला, जो तोवर उंची उपाहारगृहांच्या आचाऱ्यांचाच राखीव समजला जाई. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी पाककृतींच्या आधी स्मोकर कसा बांधावा याचे विवरण केले आहे. आचाऱ्याने वेल्डिंग शिकावे, ही कल्पना अन्य कोणत्याही पाकपरंपरेत चमत्कारिक वाटली असती. टेक्सासात ती स्वाभाविक ठरली. आज त्या मुलखात जुन्या हजार गॅलनी टाक्यांना गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, ब्रिस्केटचा भाव कितीतरी पटींनी चढला आहे, आणि मजुरांचे हे जेवण तासन् तास रांगेत उभे राहून विकत घेतले जाते.

या वैभवात एक उणीव राहून गेली आहे, आणि तिचा उल्लेख केल्यावाचून हा विषय संपविणे मला उचित वाटत नाही. पेढ्यांची नावे पाट्यांवर आहेत, पुरस्कारांच्या याद्या दफ्तरी आहेत, लॉकहार्ट ही टेक्सासची बार्बेक्यू राजधानी असल्याचा ठराव तेथील विधिमंडळात झाला आहे. पण रात्रभर चराकाठी फावडे घेऊन उभ्या राहिलेल्या गुलामांची, दुकानाच्या आवारात कागदावर जेवणाऱ्या कापूस वेचणाऱ्यांची, आणि सुटीच्या दिवशी उरलेला नळ जोडून पहिले स्मोकर घडविणाऱ्या वेल्डरांची नावे फारच थोडी नोंदली गेली आहेत. गेल्या काही वर्षांत तिकडील अभ्यासकांनी कृष्णवर्णीय चरकऱ्यांचा इतिहास शोधण्यास हात घातला आहे, हे स्तुत्य आहे. तेलक्षेत्रातील वेल्डरांचाही तसाच शोध व्हावयास हवा, कारण त्या पिढीतील कित्येक माणसे अजून हयात आहेत आणि त्यांना विचारता येईल तोवरच विचारून घेतले पाहिजे. या ट्रेलरवरील पोलादी यंत्राचा कोणताही भाग मुळात या कामासाठी निर्माण झालेला नव्हता. तो या कामाचा आहे, हे ज्यांनी ओळखले, तेच त्याचे खरे निर्माते होत, आणि इतिहासाने त्यांचाच हक्क प्रथम मान्य केला पाहिजे.